जुने न्हाणीघर, नवी सोय : मूळ फरशी वाचवून दुरुस्ती कशी करावी

जुन्या नाशकात ज्या घराची दुरुस्ती निघते, त्या घरात पहिला हातोडा बहुधा न्हाणीघरावर पडतो. खालच्या खोलीच्या छताला ओल दिसते, नळाला पाणी कमी येते, घरातील बुजुर्गांना खाली बसवत नाही म्हणून कमोड हवा असतो. मालक मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री दारात उभा राहून दोन मिनिटे पाहतो आणि निकाल देतो, "शेठ, हे सगळे काढावे लागेल." तिसऱ्या दिवशी साठ-सत्तर वर्षे टिकलेली फरशी डबर होऊन गोणीत भरली जाते. गळती फरशीतून होती की भिंतीतल्या पाइपातून, हे कोणी तपासलेले नसते.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, फरशीचा धंदा आमचा नव्हे. तरीही हा विषय या पानावर घेण्याचे कारण आहे. आमच्या धंद्यात रफूगर नावाचा एक कारागीर असतो. किमती शालीला भोक पडले तर तो शाल फेकायला सांगत नाही. त्याच कापडाच्या कडेचे धागे काढून तो भोक असे भरतो की गिऱ्हाइकाला जागा सापडत नाही. शिंपी मजुरी नगावर घेतो, रफूगर भोकावर घेतो. न्हाणीघराच्या कामात शिंपी पुष्कळ आहेत, रफूगर फार थोडे. आमच्या वाचकांत प्लंबर आहेत, गवंडी आहेत, भंगाराचे व जुन्या सामानाचे व्यापारी आहेत आणि जुन्या घरांचे मालकही आहेत. या सर्वांच्या उपयोगाचा हा धडा आहे.

फरशी कोणती, ते आधी ओळखा

ज्याला कामगार मंडळी सरसकट 'स्टाइल' म्हणतात त्यात चार वेगवेगळ्या वस्तू असतात. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. सुती आणि रेशमी कापड एकाच भट्टीत घालणारा धोबी जसा नुकसान करतो, तसेच येथेही होते.

पहिली, भिंतीवरची चकाकीची चिनी मातीची टाइल. ही भट्टीत भाजलेली असते आणि वर काचेसारखा थर असतो. जुन्या घरांत ती बहुधा ६ इंच चौरस, पांढरी, आणि वरच्या कडेला रंगीत पट्टी अशी सापडते. कोपऱ्यांना गोलाई दिलेले वेगळे तुकडे असतात. देवळालीच्या जुन्या बंगल्यांत आणि आरोग्यभवनांत अशी न्हाणीघरे बरीच होती. पूर्वी हा माल इंग्लंडहून येई. १९२० ते १९४० च्या दरम्यान जपाननेही उठावाच्या नक्षीच्या रंगीत टाइल्स हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर पाठविल्या. १९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) ही कंपनी सुरू झाली आणि देशी माल घरोघर पोहोचला. आज या धंद्याचे सर्वात मोठे केंद्र गुजरातेतील मोरबी आहे.

दुसरी, जमिनीवरची नक्षीची सिमेंट फरशी. बहुधा ८ इंच चौरस. ही भाजलेली नसते. लोखंडी साच्यात नक्षीचे खण पाडून त्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी व रंग ओततात, त्यावर सिमेंट-वाळूचा थर देतात आणि दाबयंत्राखाली दाबून मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्याने वर्षानुवर्षे चालूनही नक्षी पुसत नाही. परदेशी मालाला पर्याय म्हणून स्वदेशीच्या विचाराने फिरोजशा सिधवा व त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्सची कंपनी काढली. महाराष्ट्रातील जुन्या घरांत आढळणारी नक्षीची फरशी याच प्रकारची असते.

तिसरी मोझॅक. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून घासलेली. चौथा दगड, म्हणजे शहाबादी, कडप्पा किंवा कोटा. जुन्या मोरीत हाच असे, कारण त्यावर तांब्याचा बंब आणि घंगाळ आपटले तरी चालत असे.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. फुटलेल्या कडेकडे पाहा. आत पांढरी किंवा लाल माती आणि वर काचेचा पातळ थर असेल तर चिनी मातीची टाइल. आत राखी सिमेंट असेल तर सिमेंट फरशी. तरीही शंका असेल तर दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की समजावे, वस्तू सिमेंटची किंवा चुनखडीच्या दगडाची आहे. थेंब लगेच पाण्याने धुवून टाका.

ॲसिडची बाटली दूर ठेवा

वरची परीक्षा का सांगितली, ते आता लक्षात येईल. लिंबाच्या एका थेंबाने जी वस्तू फसफसते, तिच्यावर आपण दर आठवड्याला ॲसिडची बाटली ओततो. ॲसिड सिमेंटमधील चुना खाते. फरशी त्या दिवशी स्वच्छ दिसते, कारण तिचा वरचा थर मळासकट निघून गेलेला असतो. पुढच्या वेळी मळ अधिक लवकर धरतो, कारण पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो. मग आणखी ॲसिड. असे करता करता रंग फिका पडतो आणि दोष फरशीला दिला जातो.

चकाकीच्या टाइलवर साध्या ॲसिडचा परिणाम कमी होतो हे खरे. पण टाइलच्या सांध्यांतील पांढरे सिमेंट ते खातेच. सांधे रिकामे झाले की पाणी टाइलच्या मागे जाते. म्हणजे घर स्वच्छ ठेवण्याच्या नादात गळती आपणच आणतो. शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ही गोष्ट घरातील स्त्रियांना आणि कामवालीला जरूर सांगावी.

साफसफाईची योग्य रीत अशी. साधा साबण किंवा खाण्याचा सोडा, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. बोअरच्या जड पाण्याने चकाकीच्या टाइलवर पांढरे क्षार बसले असतील तर पातळ व्हिनेगर कापडाने लावून पाच-दहा मिनिटांत धुवून टाकावे. सिमेंट फरशी, मोझॅक व शहाबादीला व्हिनेगरसुद्धा लावू नये. मोझॅक निस्तेज झाले असेल तर मशीनने पुन्हा पॉलिश करता येते. सिमेंट फरशीला मात्र बारीक दगडाने हलकाच हात फिरवावा. तिच्या रंगाचा थर एकदा संपला की पुन्हा येत नाही.

रोग कोठे आहे ते शोधा

गळतीची कारणे चार ठिकाणी असू शकतात : आत येणाऱ्या पाण्याचा पाइप, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा पाइप, न्हाणी ट्रॅप आणि फरशीचे सांधे. यांपैकी पहिली तीन फरशीच्या खाली किंवा मागे आहेत. शिक्षा मात्र फरशीला होते.

पहिली चाचणी : रात्री घरातील सर्व नळ बंद करा. फ्लशची टाकी ठिबकत नाही ना ते पाहा. गच्चीवरील टाकीत पाणी येणे बंद करून पातळीवर खूण करा. सकाळी पातळी खाली गेली असेल तर आत येणाऱ्या पाइपात गळती आहे. जुने जी.आय. पाइप आतून गंजतात. गंजाने भोक बारीक होते म्हणून नळाला पाणी कमी येते आणि शेवटी पाइप फुटतो. अशा घरात फरशी निर्दोष असण्याचा संभव मोठा.

दुसरी चाचणी : न्हाणी ट्रॅपचे तोंड कापडी बोळ्याने घट्ट बंद करा आणि जमिनीवर एक इंच पाणी २४ तास ठेवा. खाली ओल वाढली तर दोष जमिनीत किंवा तिच्या सांध्यांत आहे. ओल वाढली नाही, पण बोळा काढून पाणी सोडताच वाढली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्यापुढच्या पाइपात आहे. एक इशारा : ज्या वाड्यांचे मजले लाकडी तुळयांवर आहेत तेथे ही चाचणी करू नये. तेथे एकेका भागावर तांब्याने थोडे थोडे पाणी ओतून, खाली माणूस उभा करून पाहावे.

तिसरी चाचणी आवाजाची : लाकडी मुठीने प्रत्येक टाइल ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर खडूने फुली मारा. पोकळ वाजली म्हणजे निकामी झाली, असे मात्र नव्हे. कडा घट्ट असतील आणि टाइल हलत नसेल तर तिला हात लावू नये. हलत असेल तर सांधा थोडा खरवडून मोठ्या सिरिंजने पातळ सिमेंटचा घोळ आत सोडता येतो.

या तीन चाचण्यांना एक दिवस आणि एक रात्र लागते. खर्च जवळपास शून्य. चाचणीनंतर खडूच्या फुल्या मोजल्या की मालकालाही दिसते की सगळे काढण्याची गरज आहे की दहा-बारा टाइल्सचेच काम आहे.

पाइप बदला, फरशी राहू द्या

पाइप बदलायचा तर भिंत फोडावी लागणार. पण कोणत्या बाजूने? न्हाणीघराच्या भिंतीच्या पलीकडे बोळ असतो, जिना असतो किंवा स्वयंपाकघर असते. त्या बाजूला साधा गिलावा असतो. गिलावा कोणताही गवंडी परत करून देतो, जुनी टाइल कोणी करून देत नाही. म्हणून पहिला विचार मागच्या बाजूने जाण्याचा करावा.

ते शक्य नसेल तर नवा पाइप भिंतीच्या बाहेरून, कोपऱ्यातून क्लॅम्प लावून सरळ न्यावा. जुन्या बंगल्यांत पाइप उघडेच असत आणि ते कोणाला वाईट दिसत नसे. ओळंब्यात नेलेला उघडा पाइप आणखी एका कारणाने चांगला : पुढच्या वेळी गळती झाली तर ती डोळ्यांना दिसते. गरम पाण्यासाठी सी.पी.व्ही.सी. सारखा उष्णता सोसणारा पाइप वापरावा. साधा पी.व्ही.सी. पाइप गिझरला जोडू नये.

क्लॅम्पसाठी भोक पाडायचे तर ते शक्यतो सांध्यात पाडावे. टाइलमध्येच पाडावे लागले तर आधी चिकटपट्टी लावावी, ड्रिलचा ठोका बंद ठेवावा, वेग कमी ठेवावा आणि पाण्याचा थेंब चालू ठेवावा. टाइल पार झाली की मगच विटेसाठी ठोका सुरू करावा.

टाइल काढावीच लागली तर सुरुवात आधीच फुटलेल्या टाइलपासून करावी. तिचे चारही सांधे मोकळे करून मग मधून बाहेरच्या दिशेने ती फोडावी. तिची जागा रिकामी झाली की शेजारच्या टाइलखाली सपाट छिन्नी आडवी घालता येते. जुने काम चुन्यात असेल तर टाइल पुष्कळदा अखंड सुटते, कारण चुना सिमेंटइतका कडक धरत नाही. सिमेंटात बसविलेली टाइल मात्र सहज सुटत नाही, तेव्हा तिची आशा धरून काम हाती घेऊ नये. काढलेल्या प्रत्येक टाइलच्या पाठीवर क्रमांक घालावा आणि भिंतीचा कच्चा नकाशा कागदावर काढून ठेवावा. नक्षीच्या फरशीत एक तुकडा उलटा बसला तरी सारी वेल तुटलेली दिसते.

दर्जा भरणे

खराब सांधे हाताच्या खरवडणीने मोकळे करावेत. ग्राइंडर लावू नये. जुन्या कामातील सांधे इतके बारीक असतात की चकतीची जाडी त्यात मावत नाही आणि टाइलची कड उडते. हे काम कंटाळवाणे आहे. पण दिवसाकाठी थोडेच होत असले तरी सर्व दुरुस्तीचा पाया तेच आहे.

चकाकीच्या टाइलच्या सांध्यांत, विशेषतः जेथे पाणी रोज पडते तेथे, इपॉक्सी ग्राउट भरावा. तो पाणी शोषत नाही. सिमेंट फरशीच्या सांध्यांत सिमेंटचाच ग्राउट भरावा, पण त्याआधी फरशीवर पाणी व डाग रोखणारा सीलर लावून वाळू द्यावा. नाहीतर ग्राउटचा रंग फरशीच्या छिद्रांत शिरतो आणि मग निघत नाही. भिंत व जमीन जेथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंट भरू नये, सिलिकॉन भरावा. दोन्ही बाजू थोड्या हलतात, कडक माल तेथे चिरतोच.

जुन्या नाशकातील भिंती दगड, वीट, माती व चुन्याच्या आहेत. अशी भिंत ओल शोषते आणि हवेला परत देते. तिच्या दोन्ही अंगांना सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिकसारखा रंग लावला तर ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि भिंत आतून कुजते. म्हणून टाइलच्या वरच्या भागाला आणि मागच्या बाजूला चुन्याचाच गिलावा व चुन्याची सफेदी ठेवणे हिताचे.

बदली टाइल : इंच आणि मिलिमीटर

कापडाच्या पेढीवर वार आणि मीटर यांतील फरक समजावता समजावता आमचे आयुष्य गेले. टाइलच्या धंद्यातही तोच घोटाळा आहे. जुनी टाइल ६ इंच म्हणजे सुमारे १५२.४ मिलिमीटर. आज दुकानात मिळणारी त्या मापाची टाइल १५० मिलिमीटर. एका टाइलमागे फरक अडीच मिलिमीटरही नाही. पण दहा टाइल्सच्या ओळीत तो २४ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास एक इंच. सिमेंट फरशीतही ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर, आणि नवी फरशी २००. नवी टाइल जुन्या ओळीत बसवली की सांधे जाड होतात आणि ओळ चुकते. म्हणून खरेदीपूर्वी जुनी टाइल काढून ती सोबत न्यावी आणि तिची जाडीही मोजावी.

रंगाचेही तसेच. पांढरा हा एक रंग नव्हे. एकाच गिरणीच्या दोन लॉटमधला पांढरा वेगळा असतो हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. साठ वर्षांपूर्वीचा पांढरा आज मिळणार नाही. मग करावे काय?

एक, घरातच शोधा. दाराआडच्या, सिंकखालच्या, जुन्या बंबाच्या चौथऱ्यामागच्या टाइल्स कोणाला दिसत नाहीत. त्या काढून समोर लावा आणि नव्या त्यांच्या जागी लपवा. रफूगर शालीच्या दुमडलेल्या कडेतून धागा काढतो, तसेच हे.

दोन, जुन्या मालाच्या बाजारात शोधा. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या टाइल्स मिळतात. नाशकात एखादा जुना वाडा उतरत असेल तर तेथे हातोडा पडण्यापूर्वी जावे.

तीन, नक्षीची सिमेंट फरशी नव्याने करून मिळते. भारत फ्लोअरिंग जुन्या नक्षीचा माल आजही काढते. तामिळनाडूतील चेट्टीनाड भागात आठंगुडी गावचे कारागीर काचेवर रंगीत सिमेंट ओतून हाताने फरशी बनवतात. माप व नमुना पाठवावा आणि फुटतूट धरून काही नग जास्त मागवावेत.

चार, जुळत नसेल तर जुळल्याचा आव आणू नये. जवळपासचा पांढरा पांढऱ्यात ठिगळासारखा दिसतो. त्यापेक्षा खालची एक पूर्ण ओळ काढून तेथे हिरवी किंवा काळी पट्टी घालावी. पदराला काठ लावावा तशी ती मुद्दाम केलेली दिसते आणि निघालेल्या जुन्या टाइल्स वरच्या फुटलेल्या जागी कामी येतात.

नवी सोय

जुनी फरशी ठेवली म्हणजे जुनी गैरसोयही ठेवावी असे नाही. उजेड, हवा, गरम पाणी आणि बसण्याची सोय ही नवीच हवी.

कमोड बसविताना जुन्या ओरिसा पॅनची जागा, मैल्याच्या पाइपाचे तोंड भिंतीपासून किती अंतरावर आहे आणि ते जमिनीत आहे की भिंतीत, हे मोजून मगच दुकानात जावे. तोंड जमिनीत असेल तर एस-ट्रॅप आणि भिंतीत असेल तर पी-ट्रॅप घ्यावा. भिंतीत टाकी लपवणारा टांगता कमोड निवडला तर अर्धी भिंत फोडावी लागते. जमिनीवर बसणारा, मागे टाकी असलेला कमोड हे काम फारच कमी तोडफोडीत करतो. मुस्लिम घरात बैठकीची दिशा बदलण्यापूर्वी घरच्यांना विचारावे. नाशकातून किब्ला पश्चिमेला येतो, म्हणून बैठक दक्षिणोत्तर हवी असते आणि कमोड फिरवला की हा प्रश्न उभा राहतो. वुजूसाठी कमी उंचीचा एक नळ व बसायला दगडी पाट ठेवता आला तर बुजुर्ग दुवा देतात.

२५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच २५ किलोचे असते. त्याचा भार टाइलवर येता कामा नये. बोल्ट विटेत खोल गेला पाहिजे. भिंत चुन्याची व भुसभुशीत असेल तर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यावी. वायरिंग जुने असेल तर गिझरपूर्वी अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. बसवावा. पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात तेथे काटकसर करू नये.

जमिनीला उतार आहे का, हे एक तांब्या पाणी ओतून पाहावे. पाणी न्हाणी ट्रॅपकडे धावले पाहिजे. ट्रॅपभोवतीच्या चार-सहा फरशा उचलून उतार दुरुस्त करता येतो. जमिनीवर चकाकीची टाइल असेल तर ती साबणाने निसरडी होते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी कठडा व रबरी पायपुसणे द्यावे.

फरशी केव्हा सोडून द्यावी

हा धडा हट्टाचा नाही. ज्या घराचा मजला लाकडी आहे आणि न्हाणीघराखालची तुळई काळी पडली आहे किंवा टोचणीने टोचली तर आत रुतते, तेथे पहिला प्रश्न तुळईचा आहे. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे कोसळण्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. मुरणारे पाणी माती आणि लाकूड दोन्ही खाते. तेथे वर फरशी शाबूत आहे म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे माणसांचा जीव धोक्यात घालणे होय. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून आधी टेकू द्यावेत, फरशी क्रमांक घालून उचलावी, मजला व जलरोधक थर पक्का करावा आणि मग तीच फरशी परत घालावी. अर्ध्याहून अधिक टाइल्स हलत असतील किंवा बाहेर जाणारा बिडाचा पाइप जमिनीखाली सगळाच फुटला असेल तरीही उचलणे भाग आहे. मात्र उचलणे आणि फोडणे यात फरक आहे.

धंद्याचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मिस्त्री सगळे काढायला का सांगतो? तो अडाणी किंवा बेइमान असतो म्हणून नव्हे. त्याला दर चौरस फुटावर मिळतो म्हणून. उक्त्या कामात जितके तोडावे तितके बसवायला मिळते. फरशी वाचवणारा दोन दिवस सांधे खरवडत बसला तर त्याच्या हातात चौरस फुटाच्या हिशेबाने काहीच पडत नाही. दोष दराच्या पद्धतीचा आहे.

म्हणून या कामाचा दर वेगळा ठेवावा. तपासणीचा एक दिवस रोजावर, आणि त्याचे पैसे काम मिळो वा न मिळो घ्यावेत. सांध्यांचे काम धावत्या फुटावर. टाइल अखंड काढून परत लावण्याचा दर नगावर. पाइपाचे काम नेहमीप्रमाणे. अंदाजपत्रक लेखी द्यावे आणि त्यात दोन रकाने असावेत : सर्व काढून नवे करण्याचा खर्च आणि वाचवून दुरुस्तीचा खर्च. पहिल्या रकान्यात तोडफोडीची मजुरी, अरुंद गल्लीतून डबर वाहून नेण्याचा खर्च, नवी टाइल, नवा जलरोधक थर आणि न्हाणीघर बंद राहण्याचे दिवस हे सर्व लिहावे. मालक हे खर्च विसरतो आणि नंतर मिस्त्रीशी भांडतो. दुसऱ्या रकान्यात मजुरी जास्त आणि माल कमी असेल. म्हणजे पैसा दुकानाऐवजी कारागिराच्या हाती अधिक पडेल. हा मुद्दा कारागीर बांधवांनी नीट समजून घ्यावा.

अशा कामाला गिऱ्हाईक आहे का? आहे. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची दुरुस्ती झाली तेव्हा तेथील इंग्लंडच्या मिंटन कंपनीची जुनी फरशी जपली गेली. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. ते मोठे काम होते, पण त्यातून मालकवर्गाची नजर बदलली. देवळालीचे बंगले भाड्याने देणारे, जुन्या घरात पाहुण्यांची सोय करणारे, वडिलार्जित वाडा टिकवू पाहणारे लोक आता "जुने आहे तसे ठेवून होईल का?" असे विचारू लागले आहेत. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी लॉज आणि घरांच्या दुरुस्तीची घाई नाशकात असणार. घाईत तोडणारे हात भरपूर मिळतात. वाचवणारा हात मिळाला की त्याचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात आपोआप जाते.

भंगाराच्या व्यापाऱ्यांनाही यात जागा आहे. वाडा उतरवताना अखंड निघालेली नक्षीची फरशी डबरात गेली तर तिची किंमत शून्य, उलट वाहतुकीचा खर्च. तीच माप, नक्षी व नगांनुसार लावून ठेवली तर तो माल आहे. दहा नगांची थप्पी कोणाच्या तरी न्हाणीघरातील दहा भोके भरते आणि ते गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस फारशी करत नाही, कारण त्याला तो माल दुसरीकडे मिळत नाही.

तेव्हा मालकांनी एवढे करावे : मिस्त्रीने "सगळे काढावे लागेल" म्हटले तर "कोणत्या चाचणीवरून?" असे अदबीने विचारावे आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी खळखळ न करता द्यावी. कारागिरांनी एवढे करावे : पिशवीत हातोड्याच्या आधी खडू, लाकडी मूठ आणि खरवडणी ठेवावी. पाइप बाजारात केव्हाही मिळतो, ग्राउट मिळतो, कमोड मिळतो. वडीलधाऱ्यांनी घातलेली फरशी एकदा फुटली की तिचा भाव विचारायलाही दुकान उरत नाही.